ॲलन व्हिपल कोण होते? ‘साखर कमी झाली’ या निदानाला तीन अटी घालणारे सर्जन

स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरचं एक मोठं, तासन्‌तास चालणारं ऑपरेशन ‘व्हिपल’ या नावाने ओळखलं जातं. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत हा शब्द रुग्णांच्या नातेवाइकांनाही पाठ होतो. हे नाव डॉ. ॲलन ओल्डफादर व्हिपल या अमेरिकन सर्जनचं आहे.

व्हिपल यांचं आणखी एक काम मात्र डॉक्टर सोडून फार कुणाला ठाऊक नसतं. ते ऑपरेशन करण्याबद्दल नाही, तर विनाकारण ऑपरेशन होऊ नये याबद्दल आहे. एखाद्याला वारंवार घाम फुटतो, हात थरथरतात, तो बरळतो किंवा बेशुद्ध पडतो. हे रक्तातली साखर उतरल्यामुळेच होतंय का, हे ठरवण्यासाठी त्यांनी तीन अटी सांगितल्या. आजही मधुमेह नसलेल्या माणसाची साखर उतरल्याची शंका आली, की तपासाची सुरुवात या तीन अटींपासून होते.

या अटींनी अनेकांना सर्जनच्या सुरीपासून वाचवलं. पण त्यांच्यात एक फट होती. मधुमेहाचं औषध गुपचूप घेणारा माणूस या तिन्ही अटी पूर्ण करतो. ती फट बुजवणाऱ्या तपासण्या पूर्णपणे विकसित होईपर्यंत व्हिपल यांचं आयुष्य संपलं होतं.

इराणमध्ये जन्मलेला मिशनरी कुटुंबातला मुलगा

ॲलन व्हिपल यांचा जन्म १८८१ साली इराणच्या वायव्येकडील उर्मिया इथे झाला. त्या वेळी या देशाला पर्शिया म्हणत. त्यांचे आईवडील अमेरिकन मिशनरी होते. उर्मियात नेस्टोरियन परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती होती आणि आसपास तुर्की व फारसी बोलणारे मुसलमान राहत. या सरमिसळ वातावरणात व्हिपल यांचं बालपण गेलं. त्या मुलखाची ओढ त्यांना शेवटपर्यंत राहिली. उतारवयात त्यांनी लेखनासाठी जे विषय निवडले त्यात ती दिसते.

पुढे ते अमेरिकेत आले. १९०४ साली प्रिन्स्टनमधून पदवी घेतली आणि १९०८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाले. रूझवेल्ट हॉस्पिटलमध्ये उमेदवारी करून ते प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. १९२१ साली वयाच्या चाळिशीत ते कोलंबियात सर्जरीचे प्राध्यापक झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले.

नेमकी हीच २५ वर्षं साखर आणि इन्सुलिन यांच्याबद्दलचं वैद्यकशास्त्र पार बदलून टाकणारी ठरली.

इन्सुलिन आलं आणि एक नवा आजार ओळखू आला

१९२१ साली टोरंटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला टोचण्यात आलं. मरणाच्या दारातली मुलं वाचू लागली. त्याचबरोबर डॉक्टरांना एक नवी गोष्टही दिसली. इन्सुलिन जास्त झालं तर रुग्णाला घाम सुटतो, भूक लागते, हातपाय थरथरतात, डोकं चालेनासं होतं आणि शेवटी तो बेशुद्ध पडतो.

१९२४ साली अमेरिकेतल्या सील हॅरिस यांनी एक प्रश्न मांडला. कधीही इन्सुलिन न टोचलेल्या काही लोकांमध्येही अशीच लक्षणं दिसतात, तर त्यांचं स्वादुपिंडच जास्त इन्सुलिन सोडत असेल का?

उत्तर तीन वर्षांत मिळालं. १९२७ साली मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. हा रुग्ण स्वतःही डॉक्टर होता. त्याच्या स्वादुपिंडात गाठ होती, ती यकृतात पसरली होती आणि तिच्या अर्कातही इन्सुलिनचा गुण आढळला. १९२९ साली टोरंटोत रॉस्को ग्रॅहॅम यांनी एका रुग्णाच्या स्वादुपिंडातली अशी छोटी गाठ काढली आणि रुग्ण पूर्ण बरा झाला. या गाठीला आता इन्सुलिनोमा म्हणतात.

या यशामुळे सर्जन मंडळींचा हुरूप वाढला, पण अडचणही तिथेच सुरू झाली. इन्सुलिनोमा हा अतिशय दुर्मीळ आजार आहे. दरवर्षी १० लाख लोकांमागे साधारण ४ जणांना तो होतो. याउलट घाम, थरथर, चक्कर, धडधड ही लक्षणं उन्हाने, उपासाने, भीतीने, थकव्याने, कशानेही होतात. भिवंडीत यंत्रमागावर १२ तास उभं राहून, न जेवता घरी निघालेल्या कामगारालाही हे सगळं होऊ शकतं.

मग पोट उघडायचं कुणाचं? त्या काळी सीटी स्कॅन नव्हता, सोनोग्राफी नव्हती. ही गाठ बहुतेक वेळा दोन सेंटिमीटरहून लहान असते. सर्जनला पोट उघडून स्वादुपिंड बोटांनी चाचपावं लागे. गाठ हाताला लागली नाही, तर ती शेपटीकडच्या भागात दडली असेल या अंदाजाने तेवढा भाग कापूनही टाकला जाई. निदान चुकलेलं असेल, तर रुग्ण एक निरोगी अवयव गमावून बसे आणि त्याचा त्रास होता तसाच राही.

काय होत्या त्या तीन अटी?

व्हिपल यांच्या विभागात अशा रुग्णांवर ऑपरेशनं होत होती. त्यांच्या सहकारी डॉ. व्हर्जिनिया फ्रांझ या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. १९३५ साली दोघांनी मिळून आपला अनुभव आणि तोवर जगभर नोंदलेले रुग्ण यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. या कामातून ऑपरेशनपूर्वीच्या अटी पुढे आल्या आणि त्या ‘व्हिपल यांचं त्रिकूट’ म्हणून रूढ झाल्या.

त्या अशा होत्या:

- उपाशी असताना किंवा श्रम केल्यावर साखर उतरल्याची लक्षणं दिसली पाहिजेत.
- लक्षणं चालू असतानाच रक्त तपासलं, तर साखर खरोखर कमी निघाली पाहिजे. व्हिपल यांनी ही मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अशी धरली.
- ग्लुकोज दिल्यावर लक्षणं गेली पाहिजेत.

तिन्ही जुळल्याशिवाय गाठीच्या शोधात पोट उघडायचं नाही, असा हा नियम होता. वाचायला तो अगदी साधा वाटतो. पण दुसऱ्या दिवशी, रुग्ण ठणठणीत असताना काढलेल्या रक्ताचा इथे काही उपयोग नसतो. पुरावा लक्षणं असताना मिळवावा लागतो. केवळ घाबरून थरथरणाऱ्या माणसाची साखर त्या क्षणी नॉर्मल निघते आणि तो ऑपरेशनपासून वाचतो.

आता गाठ दाखवणारी यंत्रं आली, तरी ही अट सुटलेली नाही. आधी साखर उतरते हे सिद्ध करायचं, मग ती का उतरते ते बघायचं आणि गाठ कुठे आहे हे सगळ्यात शेवटी शोधायचं, असा क्रम आजही पाळला जातो.

नाव देणारं ऑपरेशन आणि एक सल्ला

त्याच १९३५ साली व्हिपल यांनी सहकाऱ्यांसह दुसरा एक लेख प्रसिद्ध केला. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्तनलिका जिथे एकत्र येतात, तिथल्या कॅन्सरवरचं ऑपरेशन त्यात वर्णन केलं होतं. जर्मनीत वाल्टर काउश यांनी त्याच्या दोन दशकांहून आधी अशा प्रकारचं ऑपरेशन केलं होतं, पण ते मागे पडलं होतं. व्हिपल यांनी सुरुवातीला ते दोन टप्प्यांत केलं आणि १९४० साली एकाच बैठकीत पूर्ण केलं. ज्या ऑपरेशनला त्यांचं नाव मिळालं, ते त्यांनी स्वतः उभ्या कारकिर्दीत ३७ वेळाच केलं.

त्यांच्या हाताखाली सर्जरी शिकणाऱ्या व्हर्जिनिया ॲपगार यांना त्यांनी भूलशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला होता. चांगली भूल देणारे डॉक्टर नसतील, तर सर्जरी पुढे जाणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ॲपगार यांनी तो मानला आणि १९५२ साली नवजात बाळाची प्रकृती पहिल्या काही मिनिटांत मोजण्याची पद्धत शोधली. आज बाळाच्या कागदपत्रांत ‘ॲपगार स्कोअर’ म्हणून जो आकडा असतो, तो त्यांचाच.

तिन्ही अटींना चकवणारं औषध

व्हिपल यांचं त्रिकूट लक्षणांचं कारण सांगतं. साखर उतरण्याचं कारण मात्र ते सांगत नाही. मधुमेह नसलेल्या माणसाने स्वतःला चोरून इन्सुलिन टोचलं, तर त्याला घाम फुटतो, रक्तातली साखर खरोखर ४० वर येते आणि ग्लुकोज दिल्यावर तो उठून बसतो. तिन्ही अटी पूर्ण होतात. डॉक्टर प्रामाणिकपणे गाठ शोधू लागतो.

कोण कशाला असं करेल? १९५१ साली रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, जे स्वतःच आजार घडवून आणतात आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात जात राहतात. थापा मारण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका जर्मन सरदाराच्या नावावरून त्यांनी या अवस्थेला ‘मुंखाउसेन सिंड्रोम’ म्हटलं. अशा माणसाला पैसा किंवा रजा नको असते. रुग्ण म्हणून मिळणारी काळजी त्याला हवी असते. त्यासाठी तो जीव धोक्यात घालतो, ऑपरेशनलाही तयार होतो. साखर उतरवून घेणाऱ्यांत आरोग्य क्षेत्रात काम करणारे आणि घरात मधुमेही नातेवाईक असलेले लोक जास्त आढळले आहेत, कारण औषध त्यांच्या हाताशी असतं.

इन्सुलिनला निदान सुई लागते. नंतर गोळ्याही आल्या. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जाँबों टायफॉइडच्या रुग्णांना सल्फा गटातलं एक नवं औषध देत होते. काही रुग्णांची साखर धोकादायक पातळीवर गेली. त्यांचे सहकारी ऑगस्त लुबातिए यांनी दाखवून दिलं, की हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. त्यातून १९५० च्या दशकात सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या तयार झाल्या. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड ही त्याच घराण्यातली नावं. भारतातल्या लाखो घरांत ‘शुगरची गोळी’ म्हणून जी डबीत असते, ती बरेचदा यांपैकी एक असते.

मधुमेह नसलेल्याने ही गोळी घेतली, तर स्वादुपिंड इन्सुलिनोमा असल्यासारखंच वागतं. गुपचूप घेतलेल्या औषधाचा थांगपत्ता न लागल्याने निरोगी स्वादुपिंडाचा तुकडा काढला गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. जी चूक टाळण्यासाठी व्हिपल यांनी अटी घातल्या होत्या, ती दुसऱ्या दाराने परत आली.

चौथा प्रश्न: हे इन्सुलिन कुणाचं?

रक्तातलं इन्सुलिन मोजता आलं तरच पुढे जाता येणार होतं. पण ते इतकं सूक्ष्म प्रमाणात असतं, की रसायनशास्त्राच्या तोवरच्या पद्धती तिथे तोकड्या पडत. १९५७ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला एका परिचारकाने पत्नीला इन्सुलिन टोचून मारल्याचा खटला गाजला. तेव्हा तपास करणाऱ्यांनी मृतदेहावरच्या टोचल्याच्या जागेतून अर्क काढून तो उंदरांना टोचला आणि त्यांची साखर उतरते का हे पाहिलं.

हा अडथळा न्यूयॉर्कमध्येच दूर झाला. ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो काम करत होते. बाहेरून इन्सुलिन टोचलेल्या लोकांच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे प्रतिद्रव्यं, तयार होतात हे त्यांनी १९५६ साली दाखवलं. त्या प्रतिद्रव्यांचाच वापर करून १९६० साली त्यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बर्सन १९७२ साली वारले. या कामासाठी यालो यांना १९७७ साली नोबेल मिळालं.

आता इन्सुलिन जास्त आहे हे कळू लागलं. पण ते रुग्णाच्या स्वादुपिंडातून आलं की सिरिंजमधून? त्याचं उत्तर शिकागोतल्या डोनाल्ड स्टायनर यांच्या शोधातून मिळालं. १९६७ साली त्यांनी दाखवलं, की शरीर आधी एक लांब साखळी तयार करतं आणि ती तुटून इन्सुलिन बनतं. तुटताना मधला एक तुकडा वेगळा होतो. त्याला सी-पेप्टाइड म्हणतात. स्वादुपिंड इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचाही एक रेणू रक्तात सोडतं. औषधाच्या बाटलीतल्या शुद्ध इन्सुलिनमध्ये मात्र हा तुकडा नसतो.

यावरून गुपचूप टोचलेलं इन्सुलिन ओळखण्याची पद्धत १९७७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडली गेली. त्यात सी-पेप्टाइड आणि इन्सुलिनविरोधी प्रतिद्रव्यं या दोन्हींचा आधार घेतला होता.

साखर उतरलेली असतानाच काढलेल्या रक्ताचा अर्थ ढोबळमानाने असा लावला जातो:

- इन्सुलिन जास्त, सी-पेप्टाइड कमी: इन्सुलिन बाहेरून टोचलेलं आहे.
- इन्सुलिन जास्त, सी-पेप्टाइडही जास्त, रक्तात किंवा लघवीत गोळीचा अंश सापडला: सल्फोनिलयुरिया किंवा तशाच प्रकारे काम करणारी रेपाग्लिनाइडसारखी गोळी पोटात गेली आहे.
- इन्सुलिन जास्त, सी-पेप्टाइडही जास्त, गोळीचा अंश नाही: इन्सुलिनोमा किंवा स्वादुपिंडाचा दुसरा विकार असू शकतो. पुढचा तपास हवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत फरक फक्त औषधाच्या तपासणीचा आहे. ती नेहमीच्या शुगर टेस्टमध्ये होत नाही, मुद्दाम सांगून करवून घ्यावी लागते. ती राहून गेली, तर गोळी घेतलेला माणूस कागदावर हुबेहूब इन्सुलिनोमाचा रुग्ण दिसतो. आणखी एक अडचण म्हणजे हल्लीची काही बदल केलेली इन्सुलिनं काही लॅबच्या यंत्रांना नीट ‘दिसत’ नाहीत. त्यामुळे कोणतं यंत्र वापरलं हेही डॉक्टरांना पाहावं लागतं.

व्हिपल यांची शेवटची वर्षं

१९४६ साली प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर व्हिपल यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काही वर्षं काम केलं आणि पुढे वैद्यकाच्या इतिहासाकडे वळले. जखमा भरून येण्याच्या इतिहासावर त्यांनी पुस्तक लिहिलं. नेस्टोरियन ख्रिस्ती आणि मुसलमान विद्वानांनी ग्रीक वैद्यक कसं जपलं, यावरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालं. उर्मियातल्या मुलाने केलेली ही परतफेडच म्हणायला हवी.

१९६३ साली वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तेव्हा इन्सुलिन मोजण्याची पद्धत येऊन तीनच वर्षं झाली होती आणि सी-पेप्टाइडचा शोध चार वर्षं दूर होता.

आज हे का माहीत असावं?

औषधाने साखर उतरलेला प्रत्येक माणूस ते लपूनच घेत असतो असं नाही. आजोबांची गोळी चुकून आजी घेते, केमिस्टकडून भलतीच पट्टी दिली जाते, घरातलं लहान मूल डबी उघडतं. लहान मुलाला एक गोळीही घातक ठरू शकते. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालातही भेसळ निघते. २००८ साली सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले १५० जण साखर घसरून रुग्णालयांत आले आणि त्यातले ४ दगावले. बहुतेकांच्या रक्तात ग्लिबेनक्लामाइड सापडलं. ते लैंगिक शक्तीच्या बेकायदा औषधांत मिसळलेलं होतं. यातल्या कुणालाही ‘मधुमेहाची गोळी घेतली का’ असं विचारलं असतं, तर खरं उत्तर ‘नाही’ असंच आलं असतं.

म्हणून कुणाची बॅग धुंडाळण्यापेक्षा किंवा उलटतपासणी घेण्यापेक्षा रक्ताची तपासणी बरी. शक्य असेल तिथे रुग्णालयात ग्लुकोज चढवण्याआधी काही मिलिलिटर रक्त बाजूला काढून ठेवलं जातं, कारण साखर वर आली की तो पुरावा पुसला जातो. अर्थात रुग्ण बेशुद्ध असेल, तर नमुन्यासाठी ग्लुकोज थांबवायचं नसतं. झटका आपोआप येत नसेल, तर रुग्णाला दाखल करून ७२ तासांपर्यंत देखरेखीखाली उपाशी ठेवतात आणि साखर उतरल्यावर सगळे नमुने एकदम घेतात.

घरच्यांसाठीही यात दोन गोष्टी आहेत. मधुमेह नसलेल्या माणसाची साखर उतरली, तर घरात कोणाकोणाच्या कोणत्या गोळ्या आहेत, कोणतं चूर्ण किंवा काढा चालू आहे, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं, पाकिटं सोबत न्यावीत. आणि गोळीमुळे साखर उतरली असेल, तर ग्लुकोजने शुद्धीवर आलेल्या माणसाला लगेच घरी आणू नये. या गोळ्यांचा अंमल लांबतो, साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. अशा रुग्णाला निदान एक दिवस तरी देखरेखीखाली ठेवतात.

औषध जाणूनबुजून घेतल्याचं निष्पन्न झालं, तर तिथून पुढचे उपचार मनाचे असतात. खोटं पकडलं म्हणून रुग्णाला हाकलून दिलं, तर तो दुसऱ्या रुग्णालयात जातो आणि तिथे तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मानसोपचारतज्ज्ञाला आधीच सोबत घेऊन, न दुखावता त्याच्याशी बोलणं हा उपचाराचाच भाग मानला जातो.